सुध्या, तो मामा नव्हता बे!

सोलापूर,
रविवार, 19 मे 2024

प्रिय सुध्या,

काय बे, बरा आहेस ना? फोन न करता पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि या प्रकरणात आरोपी तूच आहेस. तेव्हा आधी आरोपपत्र नीट वाच, मग काय बोंबलायचं ते बोंबल.

1987 चा उन्हाळा आठवतो? संगमेश्वर कॉलेजचे पेपर संपलेले. तुझे आई-बाबा तुळजापूरला गेले होते आणि आपण पाचजणांनी वर्गणी काढून तुझ्या घरी एका रात्रीसाठी व्हीसीआर आणला होता. सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी आणि तिसरी दुकानदारानं गळ्यात मारलेली इंग्रजी. ती लावली तेव्हा पहाटेचे दोन वाजले असतील. प्रिंट अशी, की सिनेमाभर पाऊस पडतोय असं वाटावं. इंग्रजी कळणारा आपल्यात तू एकटा, म्हणजे आमचा तसा समज होता. टीव्हीशेजारी स्टुलावर बसून तू अख्खा सिनेमा आम्हाला मराठीत सांगितलास.

तो ‘रोमान्सिंग द स्टोन’ काल रात्री मी सदतीस वर्षांनी परत पाहिला. या वेळी खाली सबटायटल होती. सुध्या, तो ठेंगणा माणूस हिरॉइनचा मामा नाही बे!

झालं असं, की पुतण्यानं प्रोजेक्टर आणला. बिल्डिंगमधले लोक तसेही उकाड्यानं रात्री गच्चीवरच असतात, म्हटलं एखादा सिनेमा लावू. आता गंमत बघ, चादरींच्या गावात पडद्याला साधी पांढरी चादर मिळेना. जिच्या तिच्या चादरीवर मोर नाहीतर फुलं. शेवटी कारखान्यातून शाळेच्या शर्टाचं पांढरं थान आणलं. सध्या आमचा युनिफॉर्मचा सीझन आहे, त्या कापडाला तोटा नाही. दोन पट्टे उभे जोडून शिवले, आणि ती शिवण बरोब्बर हिरॉइनच्या नाकावर आली. दोन तास बिचारी नाकावर टाका घेऊन फिरली.

कोणता सिनेमा लावायचा यावर वाद नको म्हणून मीच म्हणालो, माझा पाहिलेला आहे, एक नंबर आहे. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी उभा राहून सगळ्यांना कथा सांगितली. एक मास्तरीण असते, तिच्या आजीच्या पाचूवर मामाचा डोळा असतो, आणि साध्या वेशातला एक फौजदार तिला वाचवतो. पोरंबाळं, म्हातारीकोतारी सगळी खूश.

सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत माझी लाज निघाली. ती मास्तरीण नाही, प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणारी बाई आहे, न्यूयॉर्कला एकटी मांजर पाळून राहते. बहिणीला कोलंबियात गुंडांनी धरून ठेवलंय आणि नकाशा घेऊन ये म्हणतायत. तुझा फौजदार म्हणजे बोट घ्यायला पैसे साठवणारा, पाखरं पकडून विकणारा एक भटक्या. मामा त्या गुंडांतला एक. आणि पाचू कुणाच्याच आजीचा नाही. प्रत्येक खुलाशाला आमची प्राजू (पुतणी रे, यंदा बारावी) मागं वळून माझ्याकडे बघत होती.

आता लोकांना सिनेमा कसा वाटला ते सांगतो. पिक्चर सुटल्यावर विचारलंस तर सोलापूरकर ‘बरा हाय’ याच्या पलीकडे काही बोलत नाही, ते तुला माहीत आहे. खरं मत पिक्चर चालू असतानाच बाहेर पडतं.

पहिलं मत मंगलचं. सुरुवातीलाच ती लेखिका कादंबरीचं शेवटचं पान लिहिते आणि स्वतःच्याच गोष्टीवर ढसाढसा रडते. नाक पुसायला घरात एक कागदी रुमाल मिळत नाही. मग मांजराला भारीतला मासा वाढून दोघं पार्टी करतात. मंगल एकदम म्हणाली, “अहो, ही बाई मला फार आवडली.” पुढं जंगलात हिरो कोयत्यानं तिच्या चपलांच्या टाचा तोडतो, तिथं मात्र तिनं कळवळून स्वतःचे पाय आत ओढून घेतले. चांगली चप्पल होती म्हणे.

बाबूकाका आठवतात का? एसटीत कंडक्टर होते ते, आता आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. हिरॉइन कोलंबियात उतरते, एक खलनायक तिला मुद्दाम भलत्याच बसमध्ये बसवून देतो, आणि ती बस डोंगरात हिरोच्या उभ्या जीपवर जाऊन आदळते. सगळे हसतायत आणि काका खवळलेले. “गाडीत कंडक्टर कुठाय? पाटी न वाचता प्याशिंजर बसलाच कसा?” पुढची दहा मिनिटं त्यांचं मन त्या बसमधून काही उतरलं नाही.

पद्मक्का आमच्या शेजारी. माहेर-सासर दोन्ही पूर्व भागातलं, घरात आधी हातमाग मग पॉवरलूम, आणि लहानपण गेंट्याल टॉकीजला तेलुगू सिनेमे बघण्यात गेलेलं. म्हणजे हिरोच्या बाबतीत त्यांचं मत शेवटचं. डोंगराच्या कडेवर बंदूक घेऊन तो उभा राहतो तेव्हा त्या म्हणाल्या, “एंट्री बरी हाय, म्युझिक कमी पडलं.” पण बस आदळल्यावर पिंजरे फुटून त्याची पाखरं उडून गेली आणि पद्मक्का हळहळल्या. वर्षभराची कमाई गेली की त्याची, कोण भरून देणार? म्हणून पुढं तो तिला वाट दाखवायचे पैसे मागतो आणि सौदा 375 डॉलरच्या ट्रॅव्हलर्स चेकवर तुटतो, तेव्हा बाकीच्यांना तो लबाड वाटला, पद्मक्कांना नाही. “बरोबरच हाय. फुकट कोण चालतंय?” स्टेशनवरचे रिक्षावाले आठवून गच्चीवर त्या सौद्याला जो हशा पिकला, तो अमेरिकेत पिकला नसेल.

चिखलाच्या घसरगुंडीला तर भाषेचं काही कामच पडलं नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, सगळी गच्ची एकदम फुटली.

मुके घेण्याच्या सीनला व्हायचं तेच झालं. पुतण्यानं मोठ्या माणसांची अब्रू राखायला सिनेमा पुढं ढकलला, तो जरा जास्तच पुढं गेला. मग “नकाशाचं काय झालं? मागं घे, मागं घे” म्हणून ओरडा. मागं घेतला, आणि तो सीन जो चुकवायचा होता तो सगळ्यांनी पहिल्यापासून शांतपणे पाहिला.

प्राजूचं मत कडक होतं. तिनं 2022 चा ‘द लॉस्ट सिटी’ पाहिलेला. त्यातही प्रेमकथा लिहिणारी बाई जंगलात सापडते, त्यामुळे तिला हा जुनाट वाटला. “काका, ही अर्धा सिनेमा नुसती किंचाळते.” आणि कोलंबिया म्हणजे काय सगळे चोर आणि बंदुकाच का, हेही तिनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. शूटिंगही कोलंबियात नाही, मेक्सिकोत झालेलं. मी तिला म्हटलं, हे सगळं खरं, पण ही गोष्ट लिहिली कुणी माहीत आहे का? डायान थॉमस नावाच्या बाईनं. कॅलिफोर्नियात मालिबूला हॉटेलात वेट्रेस होती, ही तिची पहिलीच पटकथा. मायकेल डग्लसनं विकत घेतली, स्वतः निर्माता झाला, हिरोही तोच झाला. सिनेमा 1984 ला आला आणि धो धो चालला. दिग्दर्शक झेमेकिसला त्याच्यावरच पुढचा ‘बॅक टू द फ्युचर’ करायला मिळाला. आणि डायान 1985 ला मोटार अपघातात गेली. प्राजू जरा गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे घरात बसून लिहिणाऱ्या बाईला बाहेर कोण ओढून नेणार, हे तिनं स्वतःसाठीच लिहिलं असेल.” मला हे सुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

एका सीनला तुझी फार आठवण आली. जीव वाचवत दोघं एका खेड्यात येतात, दार ठोठावतात, आतून बंदुका रोखलेल्या. आणि तिचं नाव ऐकताच तो दांडगा माणूस विरघळतो, कारण त्यानं तिच्या सगळ्या कादंबऱ्या वाचलेल्या असतात! तू काय सांगितलं होतंस? कॉलेजमध्ये हिच्यावर एकतर्फी प्रेम करायचा म्हणून. आणि आम्ही चौघांनी उसासे टाकले होते. त्यातल्या एकाचं त्या वर्षी खरंच तसं चाललं होतं, नाव घेत नाही.

आता शेवट. किल्ल्यावर मारामारी, मगरीनं पाचू गिळलेला, हिरोनं मगरीची शेपटी धरलेली, वर भिंतीवर हिरॉइन खलनायकाच्या तावडीत. शेपटी सोडली तर पाचू गेला, नाही सोडली तर बाई. सगळी गच्ची श्वास रोखून. आणि खालून कुणीतरी ओरडलं, “पाणी आलं!”

चार दिवसांनी आलेलं पाणी, सुध्या. मगर जाऊ दे, त्या क्षणी यम आला असता तरी लोक थांबले नसते. अर्धी गच्ची जिन्यात. मोटारी सुरू, बादल्यांचा खडखडाट, मंगल वरून दुसऱ्या मजल्यावरच्यांना ‘आमचा कॉक उघडा’ म्हणून ओरडतेय. वर राहिलो मी, प्राजू, गुडघ्यांमुळं उठू न शकलेले बाबूकाका, आणि सून खाली आहे म्हणून निर्धास्त बसलेल्या पद्मक्का. आम्ही चौघांनी पाहिलं. हिरो शेपटी सोडतो आणि भिंत चढायला लागतो, पण तो वर पोचायच्या आत ती बाई आपल्या हिमतीवर त्या खलनायकाला मगरींच्या तोंडी पाडते. प्राजूनं टाळी वाजवली. पद्मक्का म्हणाल्या, “मग उगंच सोडली की शेपटी.” शेवटी तो मगरीच्या कातड्याचे बूट घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यात, गाड्यावर चढवलेली बोट घेऊन तिच्या दारात येतो. बाबूकाकांनी विचारलं, “पासिंग झालंय का त्याचं?”

आज सकाळी जिन्यात गर्दी दिसली म्हणून थांबलो. मधोमध पद्मक्का, भोवती काल पाण्याला पळालेले. शेवट सांगणं चाललं होतं. पद्मक्कांच्या सिनेमात हिरो शेपटी सोडतच नाही! एका हातानं मगर फरपटत तो भिंत चढतो, दुसऱ्या हातानं खलनायकाला लोळवतो, तिथंच मगरीचं पोट फाडून पाचू काढतो आणि म्हणतो, “घे, आधी तुझ्या बहिणीचं बघ.” ऐकणाऱ्यांचे डोळे ओले. सगळ्यांचं एकमत, सिनेमा एक नंबर. आणि आम्ही जे शेवटपर्यंत बसलो, ते म्हणतोय बरा हाय.

मी तोंड उघडणार होतो. मग तुझं ते स्टूल आठवलं आणि गुपचूप कामावर निघून आलो.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी पुढचा खेळ आहे. नाशकाहून ये दोन दिवस रजा टाकून, पावसाचं निमित्त सांगू नकोस, इकडे तेव्हाही उकाडाच असतो. येताना वहिनींना आण. शेंगाची चटणी मंगल कुटून ठेवणार आहे. सबटायटल बंद ठेवायला पुतण्याला सांगितलंय.

तुझा,
विन्या

ता. क. पुढचा सिनेमा पद्मक्कांच्या आग्रहामुळं तेलुगू ठरलाय. तुला तेलुगू येत नाही, हे मी इथं कुणाला बोललेलो नाही.