जाड भिंगवाल्यांनी जुन्या नंबराची चिठ्ठी टाकून देऊ नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाढत्या मायनस नंबराबद्दल हल्ली बरेच छापून येते. पण हाच मोठा नंबर पुढे पन्नाशी-साठीत डोळा तिरळा करू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

निरोगी डोळ्याची लांबी साधारण २४ मि.मी. असते. १५-२० मायनस नंबर असला की ती अनेकदा २८ मि.मी.च्या पुढे जाते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंपैकी वरचा आणि बाहेरचा (कानाकडचा) स्नायू यांना जोडणारा पट्टा झिजतो आणि लांबलेल्या डोळ्याचा मागचा भाग त्या दोघांमधून बाहेर सरकतो. वरचा स्नायू नाकाकडे ढळतो, बाहेरचा खाली घसरतो. बाहेरच्या स्नायूची ओढच खालच्या दिशेने लागल्यामुळे डोळा नाकाकडे आणि खाली वळतो.

सुरुवातीला स्टँडवरच्या एसटीची पाटी दोन-दोन दिसते, हातातला पेपर मात्र नीट वाचता येतो. कोणताही एक डोळा झाकला की पाटी एकच! अशा वेळी आधी चष्मा तपासावा. १० नंबरचे भिंग केंद्रापासून ५ मि.मी. सरकले तरी ५ प्रिझमचा (प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या काचेचे माप) फरक पडतो. चष्मा बरोबर असेल तर 'नस कमजोर झाली' म्हणून महिनोन्महिने गोळ्या घेत बसू नये. (दोन-दोन दिसणे अचानक सुरू झाले, डोके दुखू लागले किंवा पापणी पडली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.)

निदानासाठी डोळ्यांच्या खोबणीचा, कोरोनल (समोरून पाहिल्यासारख्या उभ्या) छेदांसह एमआरआय लागतो. नुसत्या मेंदूच्या एमआरआयमध्ये हे निसटू शकते. तिरळेपणा थोडा असेल तर चष्म्यात प्रिझम घालून भागते. जास्त असेल तर योकोयामा शस्त्रक्रिया करतात. तिच्यात वरचा आणि बाहेरचा स्नायू, ते डोळ्याला चिकटतात तिथून सुमारे १५ मि.मी. मागे, न विरघळणाऱ्या टाक्याने एकमेकांना बांधतात आणि आतला स्नायू आखडला असेल तर तो सैल करतात. नेहमीची तिरळेपणाची शस्त्रक्रिया इथे बऱ्याचदा अपुरी पडते, कारण ढळलेले स्नायू तिने जागेवर येत नाहीत.

मोतीबिंदूच्या किंवा लेसरच्या शस्त्रक्रियेने नंबर जातो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. नंतर तपासणाऱ्याला मोठ्या नंबराचा पत्ताच लागत नाही. म्हणून जुन्या नंबराची चिठ्ठी आणि ए-स्कॅनचा (डोळ्याची लांबी मोजणाऱ्या तपासणीचा) कागद फाइलला लावून ठेवावा. जिल्ह्यात मोतीबिंदू शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी रुग्णाला घरी सोडताना कार्डावर या दोन नोंदी कराव्यात, ही कळकळीची विनंती.

आपले,
दृष्टितपासणी क्षेत्रातील काही जण, सांगली