अज्ञानापेक्षा अनिश्चितता

अलौकिक शक्तींवरील विश्वासाचे मूळ केवळ अज्ञानात आहे, असे रविवार पुरवणीतील लेखात म्हटले आहे. ते मला अर्धेच खरे वाटते. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधील ट्रॉब्रिआंड बेटांवर राहून केलेले निरीक्षण या संदर्भात बोलके आहे. तेथील लोक किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासेमारी करताना मंत्रतंत्राच्या वाटेला जात नसत. खुल्या समुद्रात जाताना मात्र विधी चुकवत नसत. माणसे तीच, ज्ञानही तेच. फरक होता तो धोक्याचा आणि बेभरवशाच्या मिळकतीचा.

शिवाय मनाला कारण शोधण्याची घाई असते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९४८ मधील प्रयोगात भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने खाद्य मिळत असे. तरी एक कबूतर स्वतःभोवती फिरू लागले, दुसरे डोके झटकू लागले. जणू त्यामुळेच दाणे येत होते! (या प्रयोगाच्या अर्थाबद्दल पुढे मतभेद झाले, हे खरे.) परीक्षेला ‘नशिबाचे’ पेन नेणारा पदवीधर या कबुतराहून फार वेगळा नाही, मीही ते नेले आहे.

त्यामुळे विज्ञान शिकवले की असे विश्वास आपोआप गळून पडतील, ही लेखकाची अपेक्षा भाबडी वाटते. शिक्षण हवेच, पण आजारपण आणि रोजगार यांतील अनिश्चितता तशीच ठेवून घाबरलेल्या माणसाला अडाणी म्हणून हिणवले, तर तो आपले ऐकण्याऐवजी भोंदूचेच दार ठोठावेल.

– एक वाचक