आमच्या घराचा उजेड मांडून देणाऱ्या वायरमन भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या दिवशी हिशेब झाला, चहा झाला, तुम्ही शिडी गाडीला बांधून निघालात. आभाराचं चार शब्दांत उरकलं आणि ते मला पुरेसं वाटलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण ओळखीतल्या दोन-तीन घरी सध्या घर नवं करायचं चाललंय आणि प्रत्येकाकडे दिव्यांचा विषय रंगकामानंतर निघतो. तुम्ही आमच्याकडे तो प्लॅस्टरच्या आधी काढायला लावलात. त्याने काय फरक पडला, ते लोकांना कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी घराबद्दल थोडं सांगते. त्रिमूर्तीनगरातल्या जुन्या ले-आउटमधलं आमचं घर, दोन्ही बाजूंना शेजारच्या भिंती चिकटलेल्या, उजेड येणार तो पुढून आणि मागून. मधल्या खोलीला एकच खिडकी, आणि एप्रिल लागला की त्या खिडकीत कूलर बसतो. नागपुरात कितीतरी घरांची हीच गत आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत भर दुपारी ट्यूबलाइट. त्यात पुढच्या अंगणावर हिरवी नेट बांधली की बैठकीत येतो तो उजेडही हिरवट. माणसांचे चेहरेसुद्धा आजारी दिसतात.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ह्यांनी कॅटलॉग पुढे केला होता. तुम्ही तो दिवाणावर ठेवलात आणि म्हणालात, "दिवे मंग पाहू. आधी मले सांगा ताई, सकाळी कोण कुठं बसते अन् रात्री कोण कुठं बसते." मग वहीत लिहून घेतलंत: आईंची पेपर वाचायची खुर्ची, मुलीचं टेबल, माझं शिलाई मशीन, ओटा, देवघर, टीव्हीसमोरचा दिवाण, रात्री आई उठतात तो संडासापर्यंतचा रस्ता. कूलर कुठल्या महिन्यात कुठल्या खिडकीत असतो, हेही विचारलंत. मला वाटतं, हा प्रश्न नागपूरचाच माणूस विचारू शकतो. त्या खोलीत उन्हाळ्यातल्या दुपारीही दिवा लागणार हे धरून तुम्ही छताकडे तोंड करून लावायचा, भिंतीवरून पसरणारा पांढुरका उजेड वेगळ्या बटणावर ठेवलात. तेव्हापासून दुपारी ती खोली कोंदट वाटत नाही.

अंधार पडल्यावर तुम्ही पुन्हा आलात, लांब वायरला होल्डर आणि 9 वॅटचा बल्ब जोडून. घरातले सगळे दिवे बंद करायला लावलेत. आई खुर्चीत, हातात पेपर. तुम्ही बल्ब आधी छताजवळ धरलात, मग त्यांच्या समोर, मग उजवीकडे, मग डाव्या खांद्याच्या मागे जरा वर. दर वेळी तोच प्रश्न, "दिसते का आजी? अन् आता?" आईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. समोरच्या उजेडाने त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. डाव्या खांद्यामागून उजेड आला तेव्हा त्यांनी छोट्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवल्या, भाड्याने देणे आहे, प्लॉट विकणे आहे, सगळं. तुम्ही भिंतीवर पेन्सिलने तिथेच फुली मारलीत. वायरसाठी भिंतीत झिरी मारायच्या आधी, एक रुपया खर्च व्हायच्या आधी, त्या जागी उजेड कसा पडणार हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. या एका संध्याकाळसाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे.

तेव्हा तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मी पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारलं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळसर पडतं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उजेड जास्त लागतो. पण मोतीबिंदू असला की समोरून येणारा उजेड भिंगात विखुरतो आणि नुसती झळाळी होते. म्हणून खोलीतला बल्ब मोठा करून उपयोग नाही; उजेड कागदावर पडायला हवा, डोळ्यात नको. आणि दिवा निम्म्या अंतरावर आणला की तेवढ्याच बल्बचा उजेड कागदावर जवळजवळ चौपट पडतो. आईंच्या खुर्चीमागे आता एक छोटासा दिवा आहे, भिंतीतून निघालेला, मान वळवता येणारा. वीज तो नावापुरती खातो. आई दुपारची झोप सोडून पेपर वाचतात. याची तक्रार करायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही!

माझ्या मशीनचं काम तर पोटापाण्याचं. ब्लाउज आणि फॉल-पिको मी घरूनच करते, आणि लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. भारतीय मानकांच्या तक्त्यात जिन्याला 100 लक्स, सलग वाचनाला 300 आणि शिवणकामाला 700 लक्स उजेड सांगितलाय (लक्स म्हणजे कामाच्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप), हे मला तुमच्याकडून कळलं. काळ्या कापडावर काळी टीप मारणाऱ्या कोणालाही तो आकडा पटेल. पण तुम्ही नुसता उजेड वाढवला नाहीत, रंगाचाही विचार केलात. सीआरआय म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. साध्या एलईडीच्या खोक्यावर तो 80 लिहिलेला असतो, माझ्यासाठी तुम्ही 90 च्या वरचा आणि 4000 केल्विनचा, म्हणजे फार पिवळाही नाही आणि निळसर पांढराही नाही असा, शोधून आणायला लावलात. आता राणी आणि डाळिंबी, काळा आणि गडद निळा हे दोरे रात्रीसुद्धा वेगळे ओळखू येतात. पूर्वी गिऱ्हाइकाचं मॅचिंग मी सकाळवर ढकलायची. दिवा सुईच्या डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताची सावली टिपेवर येत नाही.

पंख्याचंही तिथेच निघालं. छताच्या मधोमध पंखा, आणि आमच्या नकाशात चार कोपऱ्यांचे छतातले दिवे पंख्याच्या पात्यांना लागून होते. तुम्ही पंखा लावून, बल्ब हातात धरून दाखवलंत की पात्यांच्या वरून उजेड आला की खाली सगळं लुकलुकतं. आपल्याकडे पंखा वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, ते लुकलुकणं कोणाचंही डोकं चढवेल. दिवे पात्यांच्या घेराबाहेर सरकले. बल्ब स्वतःच लुकलुकतो का, हे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहायची युक्तीही तुमचीच. दुकानात मी ती वापरते तेव्हा दुकानदार जरा वेगळ्या नजरेने बघतात, बघोत.

स्वयंपाकघरात दिवा छताच्या मध्ये, ओटा भिंतीला आणि बाई त्या दोघांच्या मध्ये. ओट्यावर तिचीच सावली. इतकी वर्षं सावलीत भाजी चिरली जाते आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. तुम्ही वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला, अॅल्युमिनियमच्या पट्टीत एलईडी स्ट्रिप बसवलीत. मागे भिंतीला लावली असती तर टाइल्स उजळल्या असत्या आणि ओटा तसाच राहिला असता. काळ्या ग्रॅनाइटमध्ये ठिपक्यांची रांग दिसू नये म्हणून वर दुधी झाकण. 12 व्होल्टची स्ट्रिप लांब गेली की शेवटाला मंदावते, म्हणून दोन्ही टोकांनी वीज दिलीत. ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा डबा, गॅसपासून लांब, हवा लागेल अशा कपाटात. सावजीचा मसाला भाजताना खोबरं आणि खसखस कधी काढायची हे रंगावर असतं, नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आता तो रंग मला दिसतो.

आईंना रात्रीसाठी जमिनीलगत दोन छोटे पिवळे दिवे, जिन्याला आणि झोपायच्या खोलीला टू-वे बटणं (एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता-बंद करता येतो ती), न्हाणीघरातल्या आरशाला वरून दिवा न देता दोन बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर. ही कामं छोटी होती आणि तुम्ही ती न सांगता केलीत.

बैठकीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण घर देखणं दिसावं ही माझी फार इच्छा होती आणि तुम्ही ती कधी हलक्यात घेतली नाहीत. छतभर पीओपी करायचा आमचा बेत होता. आमच्या डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे, आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की स्लॅब आणि पीओपीच्या मधल्या पोकळीत उष्णता कोंडते. एलईडीचा ड्रायव्हर उष्णतेनेच लवकर मरतो, हे तुम्ही सांगितलंत. मग फक्त कडेने एक पट्टी उरली, तिच्यातून छतावर जाणारा 3000 केल्विनचा पिवळसर उजेड. छत मॅट पांढरं ठेवायला लावलंत, भिंत फिकट. गडद भिंत उजेड गिळते, पांढरी भिंत तो पुष्कळसा परत देते, हे तुम्ही रंगाऱ्याला माझ्यासमोर समजावलंत. सासऱ्यांच्या फोटोवर साधारण 30 अंशांच्या कोनातून एक छोटा दिवा, म्हणून काचेत बल्ब दिसत नाही, सासरे दिसतात. पितळी समईच्या कोनाड्यात आणखी एक. आणि प्रत्येकाला वेगळं बटण. पाहुणे आले, टीव्ही चालू आहे, मुलगी अभ्यासाला बसलीय, आरती चाललीय, प्रत्येक वेळी बैठक वेगळी दिसते. झुंबर न लावता खोली इतकी भरलेली दिसू शकते, हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दाखवते.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला तुम्ही सोबत आलात, हेही विसरण्यासारखं नाही. "वॅट म्हणजे वीज किती खाते. उजेड किती देते ते ल्युमेनमधे पाहा," असं म्हणून प्रत्येक खोकं उलटून दाखवलंत. 9 वॅटचाच बल्ब, पण एकावर 800 आणि दुसऱ्यावर 900 च्या आसपास ल्युमेन. महाग तेच चांगलं असं तुम्ही कुठेच म्हणाला नाहीत. जिथे स्वस्तातलं चालत होतं तिथे स्वस्तातलंच घ्यायला लावलंत, अडगळीच्या खोलीला सीआरआय कशाला हवा!

जुन्या वायरिंगमधलं तुमचं काम कोणाला दिसणार नाही, पण मला त्याची किंमत आहे. जिन्यातला एलईडी बंद केल्यावरही मिणमिणायचा. तुम्ही टेस्टर लावून दाखवलंत की बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आलाय, म्हणजे दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये करंट. बल्ब बदलायला चढणाऱ्याच्या जिवाशी गाठ. सगळी बटणं तपासलीत, अर्थिंग नीट केलंत, करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलीत. हे कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्यासोबत येणाऱ्या त्या पोराचेही आभार कळवा. झिरीची माती रोज संध्याकाळी झाडून, आईंची खुर्ची पुसून मगच तो घरी जायचा.

अंगणातल्या दिव्याचं काम तुम्ही पावसाळ्यानंतर करू म्हणाला होतात. तिथे पिवळाच दिवा ठेवायचा हे आमचं ठरलंय, पांढऱ्यावर किडे फार येतात. नवरात्र आटोपलं की तुमच्या सोयीने एखादा रविवार कळवा. शेजारच्या वहिनींनाही त्यांच्या मधल्या खोलीचं विचारायचंय, त्यांच्याकडेही कूलर त्याच खिडकीत बसतो. येताना तो लांब वायरचा होल्डर आणाल, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुमची,
त्रिमूर्तीनगरची शिलाईवाली ताई