अखाजीची साडी आणि बहिणीची सही

मा. संपादक,

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की मुलींना जमिनीत हिस्सा देणारा कायदा आपल्या धर्मात आणि संस्कारात बसत नाही, त्याने भाऊबहिणीत कोर्टकचेऱ्या वाढल्या. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. नाव छापू नका एवढी विनंती, कारण जे सांगणार आहे ते माझ्याच घरातलं आहे.

आमचे वडील 2003 ला गेले. सहा एकर वावर, त्यातलं निम्मं केळीचं. मी एकटा भाऊ, दोन बहिणी, मोठीचं लग्न 1991 ला झालं आणि धाकटीचं 1996 ला. गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले आणि तिसऱ्याच दिवशी आम्ही तिघं जीपमध्ये बसून दुय्यम निबंधकाकडे गेलो, हक्कसोडपत्र करायला, म्हणजे बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. साहेबांनी विचारलं, स्वखुशीने सोडताय ना? मी दोघींच्या मधे उभा होतो. मोठी म्हणाली, "माले काय करनं शे वावर लिसन, मनं माहेर ऱ्हावू द्या." म्हणजे, वावर घेऊन मला काय करायचंय, माझं माहेर राहू द्या. साहेब हसले, अंगठे झाले, बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यालो. जबरदस्ती कोणीच केली नव्हती हो. पण सही केली नाही तर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला कोणी येणार नाही हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं.

आता यात धर्म कुठे आला? आपण म्हणतो परंपरा. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, देवी बाई, पण रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा मूठ, आणि लग्न झालेल्या मुलीला तो रोट चालत नाही, ती दुसऱ्या कुळाची. हे मी लहानपणापासून बघत आलो, कधी काही वाटलं नाही, सातबाऱ्यावरही तेच चालू आहे हे फार उशिरा डोक्यात आलं. पण ग्रंथ बघायला गेलं तर मनुस्मृतीतसुद्धा भावांनी आपापल्या वाट्यातला चौथा भाग अविवाहित बहिणीला द्यावा असं लिहिलंय, आणि मिताक्षरा हा वारसाहक्कावरचा जुना धर्मशास्त्रग्रंथ लिहिणारा विज्ञानेश्वर तर म्हणतो की हा खराच वाटा आहे, नुसता लग्नाचा खर्च नाही. आमच्या शेजारच्या मुस्लिम कुटुंबात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा हे थेट कुराणात आहे, तरी तिथेही बहिणीने "माफ केला" असंच ऐकू येतं. म्हणजे ग्रंथाने दिलं तरी नाही आणि कायद्याने दिलं तरी नाही, मग उगाच धर्माचं नाव कशाला घ्यायचं.

दुसरं म्हणतात की लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा हिस्सा. हुंडा 1961 पासून गुन्हा आहे! म्हणजे एक गुन्हा केला त्याचा खर्च वजा करून बहिणीचा हक्क नाकारायचा, असला हिशोब आम्ही शिकलेली माणसं करतो. मी स्वतः तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.

कायदाही एका दमात आला नाही. आपल्या राज्याने 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, पण 22 जूनच्या आधी लग्न झालेल्यांना सोडून, त्यामुळे एकाच घरात धाकटीला मुलासारखा हक्क आणि मोठीला तसा नाही. मग 2005 ला केंद्राने ती अट काढली. तरी वडील तेव्हा हयात पाहिजेत की नाही यावर घोळ चालूच होता, तो सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला, मुलीला हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा बहिणींना तर हा हिंदू वारसा कायदा लागूच नाही, तो वेगळाच विषय आहे.

तर ती 2020 ची बातमी मी सकाळी चहा घेताना वाचली आणि पहिला विचार काय आला, बरं झालं सह्या घेऊन ठेवल्या. हे लिहितानाही लाज वाटते. त्याच्या पुढच्याच वर्षी मी बायकोला घेऊन तिच्या माहेरी गेलो, निकालाचं कात्रण खिशात, आणि तिच्या भावांकडून दीड एकर वेगळं करून घेतलं. तेव्हा मला कायदाही पटला, नीतीही पटली, सगळंच पटलं.

यंदा अखाजीला वडिलांच्या नावाने घागर भरली, दोघी बहिणी आल्या होत्या, आमरस झाला, साड्या दिल्या. दुपारी धाडस करून म्हटलं की तुमचं वावर परत नावावर करून देतो. धाकटी रडायला लागली. मोठी म्हणाली, सुनेला विचारलंस का?

वकिलाकडे गेलो तर वेगळीच गंमत कळली. वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क बहिणीने भावासाठी सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र. तेच भावाने परत द्यायचं म्हटलं तर बक्षीसपत्र, आणि बहिणीला बक्षीसपत्र म्हणजे बाजारभावाच्या तीन टक्के. मुलाला, मुलीला शेतजमीन दिली तर सूट आहे, बहिणीला नाही. घ्यायला स्वस्त आणि परत द्यायला महाग, असं का? हक्कसोडपत्रानंतर भावाला जमीन बहिणीला परत द्यायची असेल तर हे शुल्क सरकारने माफ करावं. आणि हक्कसोडपत्र माणूस गेल्यावर निदान सहा महिने तरी होऊ देऊ नये, बहिणीला एकटीला आत बोलवून विचारावं, भावाला बाहेर बसवावं. माझ्या वेळेला असं असतं तर मोठी काय बोलली असती ते मला अजून माहीत नाही.

मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणतो, आधी ते तीन टक्के माफ होऊ द्या, मग बघू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव