आरोपीला वकील नाकारण्याचा ठराव कोणाच्या हिताचा?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यात एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद गेल्या पंधरवड्यात दाखल झाली आणि दुसऱ्याच दिवशी, आरोपीचे वकीलपत्र कोणीही घ्यायचे नाही, असा ठराव स्थानिक वकील संघाने केला. त्यामागचा संताप मी समजू शकतो. मात्र मराठवाड्यातील सत्र न्यायालयांत तीस वर्षे, त्यांतील बरीचशी बेंच क्लार्क म्हणून, काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, अशा ठरावाची झळ आरोपीच्या आधी त्या मुलीलाच लागते.

अशाच एका जुन्या खटल्याचा रोजनामा, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाची नोंद, मी लिहीत असे. ‘आरोपीस वकील नाही, प्रकरण तहकूब’ ही एकच ओळ मला लागोपाठ सहा तारखांना लिहावी लागली. फिर्यादी म्हणजे मुलीची आई, ऊसतोडीला गेलेली. अंगावर उचल असताना मुकादमाची मनधरणी करून, रात्रभर एसटीत बसून ती दर तारखेला हजर व्हायची आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत फडावर जायची. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील नेमला जाईपर्यंत एक पंच मयत झाला होता आणि दुसरा फितूर.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला आहे. असे ठराव बेकायदा व निरर्थक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलेले आहे. बचाव नुसता नावापुरता असला तर काय होते, हे मध्य प्रदेशातील खांडव्याच्या खटल्यात दिसले. बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या त्या प्रकरणात 2013 साली आरोपीला फाशी सुनावली गेली. परंतु न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी वेळच मिळाला नव्हता, म्हणून डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला पुन्हा पहिल्यापासून चालवण्याचा आदेश दिला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत, असेही त्याच निकालात सांगितले आहे. झटपट न्यायाच्या घोषणा देणाऱ्यांनी मधल्या पावणेसात वर्षांचा हिशोब करून पाहावा.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. मुलगी सोळा वर्षांखालील असेल तर किमान वीस वर्षे, आणि बारा वर्षांखालील असेल तर फाशीपर्यंत. अशा लहान मुलींच्या प्रकरणांत अटकपूर्व जामिनाची वाटही कायद्याने बंद केली आहे. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम 29 नुसार तर गंभीर गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर असतो. हे सर्व मला योग्य वाटते. पण जिथे भार आरोपीवर टाकला, तिथे तो उचलायला वकील नको, हे म्हणणे मला समजत नाही.

सगळ्यांत जास्त वाद होतो तो वयाचा. आमच्याकडे हेडमास्तरांच्या कृपेने निम्मे गाव 1 जूनला जन्मलेले आहे. माझी स्वतःची जन्मतारीखही तीच! शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यावर एक तारीख आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत दुसरी, असा फरक निघाला की सोळा पूर्ण होते की नव्हते, यावर दहा आणि वीस वर्षांमधले अंतर ठरते. ही तारीख बचावाच्या उलटतपासात टिकली, तर अपिलात उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढेही ती टिकण्याची शक्यता वाढते. मुद्देमालाच्या पुडक्यावरचे लाखेचे सील, पंचाची सही, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे नमुने पाठवल्याची तारीख यांचेही तसेच आहे.

बचाव म्हणजे मुलीची बेअब्रू, ही भीती निराधार नाही. पूर्वी कोर्टात ते मी पाहिलेले आहे. आता मात्र पीडितेचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या मुद्द्यावर पुराव्यात येऊ शकत नाही, ‘टू फिंगर टेस्ट’ (पीडितेची दोन बोटांनी केली जाणारी अंतर्गत तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा एकदा ठामपणे नाकारली आहे, आणि पोक्सोच्या खटल्यात बचावाचे वकील बालिकेला थेट प्रश्न विचारू शकत नाहीत. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, ते विचारतात. सुनावणीही बंद दालनातच होते. या मर्यादा पाळल्या जातात की नाही, यावर वकील संघाने लक्ष ठेवले तर ते मुलीच्या जास्त उपयोगी पडेल. ठरावाची जी प्रत व्हॉट्सअॅपवर फिरली, तीत मुलीच्या वस्तीचे नाव आणि वडिलांचे आडनाव होते. पीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे वकिलांना मी सांगावे, याचा संकोच वाटतो.

वकील संघाने हा ठराव मागे घ्यावा आणि आरोपींना मोफत बचाव वकील देणाऱ्या जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयाने आरोपीसाठी अनुभवी वकील पहिल्या तारखेपासून उभा करावा, ही विनंती. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मग साक्षीदारांचे समन्स घेऊन पोलिसांना फडाफडावर हिंडावे लागते. त्या मुलीची व तिच्या आईची साक्ष त्याआधी व्हायला हवी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, बीड जिल्हा