पेन्सिलने काढलेला तो गोल

मॅडम,

समुद्री कृमींच्या नव्या प्रजातीवरचा माझा शोधनिबंध परवा प्रसिद्ध झाला. जुने नमुने सांभाळणाऱ्या तुमचं नाव शेवटी आभाराच्या परिच्छेदात आहे, पण तिथे एका ओळीपलीकडे जागा नसते आणि त्या ओळीने माझं मन भरलं नाही. म्हणून हे पत्र, चारचौघांना वाचता येईल असं.

माझ्याकडे होते समुद्रकाठच्या खडकाच्या फटीतून काढलेले सात कृमी. बोटाएवढे लांब, हिरवट-तपकिरी, दोन्ही अंगांना पार्श्वपादांची (पायांसारख्या मांसल पाळ्यांची) आणि शुकांची (ताठ केसांची) झालर. पेरिनेरिस वंशातले, एवढं नक्की होतं. मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात हळूहळू सुस्त केल्यामुळे चौघांची सोंड पुरती बाहेर आली होती. एरवी घशात दडलेली ही सोंड मोजा उलटा करावा तशी उलटून बाहेर येते. टोकाला दोन गडद जबडे आणि त्यांच्यामागे सोंडेवर पेरल्यासारखे बारीक काळपट दाणे, म्हणजे पॅराग्नॅथ. किनबर्ग या प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सोंडेचे आठ भाग पाडून दिले, आजही आम्ही त्याच आकड्यांनी दाणे मोजतो. पेरिनेरिसच्या सहाव्या भागावर गोल दाण्यांच्या जागी आडव्या पट्ट्या असतात. माझ्या कृमींना तिथे प्रत्येक बाजूला दोन पट्ट्या होत्या, एक लांब आणि तिच्या मागे एक आखूड. चारही कृमींत तेच. पहिल्यांदा ते बघितलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यांना मोठ्या विश्वासाने दाखवलं, त्यांनी भिंगाला डोळासुद्धा लावला नाही. "कल्ट्रिफेरा असेल," याच वंशातली एक जुनी प्रजाती, "तेच नाव लाव आणि मोकळी हो." हे वाक्य मला अजून बोचतं. पेरिनेरिस कल्ट्रिफेराचं वर्णन ग्रुबेने १८४० मध्ये केलं, तेही भूमध्य समुद्रातल्या कृमींवरून. नंतर तेच नाव दूरदूरच्या किनाऱ्यांवरच्या कृमींना चिकटवलं गेलं. मार्फिसा सँग्विनिया या दुसऱ्या एका समुद्री कृमीचंही तेच झालं. माँटॅग्यूने १८१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरून दिलेलं नाव जगभर फिरलं, आणि २००३ मध्ये नवा आधारनमुना (नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना) ठरवून ते नाव नेमकं कुणाचं हे पक्कं करावं लागलं. "तेच नाव लाव" म्हणणाऱ्यांनीच हे गुंते वाढवले आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या कृमींशी सगळ्यात जवळची वाटणारी एक जुनी प्रजाती होती. तिचं मूळ वर्णन जेमतेम काही ओळींचं, आणि सहाव्या भागाबद्दल त्यात अक्षर नाही. प्रत्यक्ष नमुना पाहिल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. त्या प्रजातीचे नमुने असलेल्या दोन ठिकाणी मी लिहिलं. एकीकडून आठ महिने काहीच आलं नाही. दुसरीकडून आलं ते असं, की सहलेखक म्हणून नाव घालणार असाल तर बरणी उघडू. ते पत्र वाचून मी सगळं गुंडाळून ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं. तुम्हाला लिहिलं ते केवळ मूळ नमुना तुमच्याकडे आहे असं कळलं म्हणून, आशा धरून नव्हे.

चौथ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. मी एक फोटो मागितला होता, तुम्ही अकरा पाठवले. कुणीतरी फार पूर्वी त्या कृमीचा घसा चिरून ठेवला होता, त्यामुळे दाणे दिसत होते. डाव्या बाजूला सहाव्या भागावर एकच लांब पट्टी, लख्ख. म्हणजे माझे दोन पट्ट्यांचे कृमी वेगळे. मी खुर्चीतून उठलेच.

पण मला हे पत्र लिहायला लावलं ते शेवटच्या फोटोने. उजव्या बाजूचा फोटो तुम्ही कागदावर छापला होता, त्यावर पेन्सिलने एक गोल काढला होता आणि तो कागद पुन्हा स्कॅन करून पाठवला होता. गोलाच्या शेजारी लिहिलं होतं: "इथे घडी पडली आहे. खाली एक पट्टी आहे की दोन, मला दिसत नाही. उलगडायला गेले तर फाटेल. इथे माझ्यावर विसंबू नका."

मॅडम, दोन वर्षांत मला भेटलेल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. "मला दिसत नाही" असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. आणि तो गोल नसता तर मी काय केलं असतं तेही सांगते: "दोन्ही बाजूंना एकेक पट्टी" असं बिनधास्त लिहून मोकळी झाले असते. कुणी हटकलं नसतं. पुढे पन्नास वर्षांनी याच वंशावर काम करणाऱ्या कुणाला तरी माझं वाक्य खरं धरून चालावं लागलं असतं, कारण त्या नाजूक नमुन्याला पुन्हा हात लावायला कोण धजणार? आता निबंधात "डावी बाजू, उजवी दिसत नाही" असं छापलं आहे.

मेलच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं होतं, बरणीतलं अल्कोहोल खाली गेलं होतं, भरून ठेवलं. तुमच्या आधीही कितीजणांनी ते असंच भरलं असेल. त्यांची नावं कुठल्याच निबंधात नाहीत. नमुना कोरडा पडला नाही, एवढीच त्यांची खूण. मला आता कुठलंही जुनं वर्णन वाचताना आधी ती माणसं आठवतात.

नव्या प्रजातीला तुमचं नाव द्यायची माझी फार इच्छा होती. शेवटी '-ए' जोडून ते कसं दिसेल, हेसुद्धा वहीत लिहून पाहिलं होतं. तुम्ही नको म्हणालात, तिच्या पट्ट्यांवरूनच नाव ठेव म्हणालात. तसंच ठेवलं आहे.

दोन पॅराटाइप, म्हणजे वर्णनासाठी वापरलेले जोडनमुने, तुमच्या संग्रहासाठी पाठवते आहे. लेबलं पेन्सिलनेच लिहिली आहेत. आणि होलोटाइपचे, म्हणजे नव्या नावाच्या मुख्य नमुन्याचे, पार्श्वपाद तपासायला काढले ते फक्त डावीकडचे. उजव्या बाजूला मी कुठेही कात्री लावलेली नाही, सोंडही पूर्ण बाहेर आहे, घडी कुठेच नाही.

तुमची,
कृमी घेऊन दारोदार फिरलेली विद्यार्थिनी