काठावर म्हणजे नक्की कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले, तेव्हापासून आमच्या सोसायटीतली मंडळीही ‘बर्डी म्हणजे काय हो?’ असे विचारू लागली. आपल्या क्रीडापानावरही गोल्फ दिसतो, बरे वाटते. पण ‘चेंडू ग्रीनच्या काठावर थांबला’ हे वाक्य वाचले की अडखळायला होते. ग्रीन म्हणजे खळीभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा गालिचा. त्याच्या काठावर म्हणजे आत की बाहेर?

नियम साधा आहे. चेंडूचा कुठलाही भाग ग्रीनला टेकला असेल, तर चेंडू ग्रीनवर. टेनिसमध्ये रेषेला निसटता लागलेला चेंडू आत धरतात, तसेच. मात्र चेंडू फ्रिंजच्या, म्हणजे ग्रीनला लागून असलेल्या किंचित उंच गवतावर बसला असेल आणि त्याचे पोट ग्रीनवर नुसते झुकले असेल, तर तो बाहेर. उभ्याने हे कळत नाही, गुडघे टेकून बघावे लागते. माझ्या वयात हीच मोठी शिक्षा!

फरक दोन बोटांचा, परिणाम मोठा. ग्रीनवरचा चेंडू खूण करून उचलता येतो, पुसता येतो. चुकून पाय लागून हलला तरी दंड नाही, परत जागेवर ठेवायचा. फ्रिंजवर तोच चेंडू विनाकारण उचलला, की एक फटका दंड. ग्रीनवर पडलेली वाळू झटकता येते, फ्रिंजवरची नाही. उलटही आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून निकाल लावतात त्या प्रकारात) ग्रीनवरून मारलेला पट, म्हणजे चेंडू घरंगळत नेणारा हलका फटका, ग्रीनवरच्याच दुसऱ्या चेंडूला लागला तर दोन फटके भुर्दंड. फ्रिंजवरून मारला असेल तर काही नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या महिन्याच्या स्पर्धेत मी चिखलाने माखलेला चेंडू खूण करून उचलला, रुमालाने पुसला. मार्कर, म्हणजे माझे फटके कार्डावर लिहिणारा खेळाडू, म्हणाला, ‘‘काका, तो फ्रिंजवर होता.’’ उचललेल्या चेंडूचा पंचनामा कसा करणार? गवत इतके माजले होते, की ग्रीन कुठे संपते हे दोघांनाही सांगता येईना. वाद नको म्हणून कार्डावर एक फटका वाढवून घेतला. अजून सलतो आहे.

खरे तर ग्रीनची कड रेषेने किंवा रंगाच्या ठिपक्यांनी दाखवण्याची मुभा नियमांनी स्पर्धेच्या समितीला दिलेली आहे. पावसाळ्यात गवत कापायला यंत्र घालता येत नसेल, तर ठिपके तरी द्यावेत. आणि आपल्या वार्ताहरांनी कृपया ‘ग्रीनवर’ किंवा ‘फ्रिंजवर’ यांपैकी एक काय ते लिहावे.

आपला,
एक ज्येष्ठ गोल्फप्रेमी, पुणे